पाठवणारीचं नाव

खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखायचंच. पाणी तपासायची आमची घरचीच लॅब. सासरे वर राहतात, खाली मी आणि माझी धाकटी जाऊ. बाटल्या मी धुवायच्या, गढूळपणा मी मोजायचा, क्लोरीन मी बघायचं, आणि सकाळी दहाला सासऱ्यांना रिपोर्ट जायचा तो धाकटीच्या नावाने! का, तर कॉम्प्युटर तिने बसवला. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली की मेल जायचा, आणि सेटिंगच्या फाइलमध्ये पाठवणारी म्हणून तिचंच नाव.

"धाकटीचं काम कसं चोख," सासरे जेवताना म्हणायचे. मी ताट उचलून उठायचे. बोलायची सोय नव्हती; लॅबचं काहीही असो, लेखी द्यायचं, तेही कोरडं, 'मी-माझं' न लिहिता, असा त्यांचा दंडक. त्यातून सोमवारी ते लॅब कुणाच्या हाती द्यायची ते सांगणार होते.

शनिवारी मी कॉम्प्युटरचं मदतीचं पान उघडलं. एका मेलपुरतं नाव बदलायचं तर त्या ओळीतच आपला पत्ता घालायचा, एवढं सोपं! तेवढ्यावर थांबले असते तर मी कसली? फाइल उघडली, तिचं नाव पुसलं, माझं घातलं. आता जाईल तो प्रत्येक मेल माझ्या नावाने. अस्सं गार वाटलं म्हणून सांगू!

सोमवारी सासऱ्यांनी दोघींना वर बोलावलं. चेहरा लाल.

"थोरले, हा काल आलेला तुझा मेल." ते फोनवरून वाचू लागले. "'रोजचा रिपोर्ट थोरलीच बनवते. धाकटीचं नाव केवळ मशीनमुळे येतं. लॅब थोरलीकडेच द्यावी.' अगं, स्वतःची शिफारस स्वतःच? काही लाज?"

असलं काही मी लिहिलंच नव्हतं.

"बाबा, ते मी लिहिलंय, लॅबच्या मशीनवरून," धाकटी म्हणाली. सासऱ्यांसमोर एरवी तिच्या तोंडून शब्द फुटत नाही.

"मग नाव हिचं कसं?"

तिने फोनचा पडदा बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मशीन तिनेच बसवलेलं, तिला कळायला कितीसा वेळ लागणार? मी मान खाली घातली.

"मशीनचा घोळ असेल बाबा," ती म्हणाली. "बघते मी. पण लिहिलंय ते खरं आहे."

सासऱ्यांनी लॅबच्या किल्ल्या माझ्या हातावर ठेवल्या. ठेवताना बघत होते मात्र तिच्याकडे, इतक्या मायेने की काय सांगू!

किल्ल्या माझ्या मुठीत होत्या, आणि जळलं मेलं माझं मन, तेव्हाही मला तिचा हेवाच वाटला.