सगळ्यात छान ते शेवटी

चुळबुळीला घरात खऱ्या नावाने कुणीच हाक मारत नसे, आणि बेटांवर आल्यापासून तिने या नावाचं अगदी सार्थक करून दाखवलं होतं. बसली की उठायची, उठली की धक्क्याच्या टोकापर्यंत जाऊन यायची. पायांना भिंगरीच. चार दिवसांत चार बेटं झाली, पांढरी वाळू झाली, आईचे पाचशे फोटो झाले. पण चुळबूळ आली होती ती पाण्याखाली जायला, आणि डायव्हिंग होतं पाचव्या दिवशी, दुपारी चारला.

याला कारण बाबा. त्यांचा नियम एकच, सगळ्यात छान ते शेवटी. उकडलेलं अंडं खातानाही ते पांढरं आधी संपवून बलक ताटाच्या कडेला राखून ठेवत. सहलही त्यांनी तशीच आखली होती.

"आजच जाऊया ना, बाबा," ती रोज म्हणे.

"आज उरकलं तर मग उद्या काय बघशील? वाळू?"

"आत्ता तरी काय बघतेय?"

"जीभ तेवढी पोहते हिची," आई टोपीखालून म्हणाली.

पाचव्या दिवशी चुळबूळ साडेतीनलाच किनाऱ्यावरच्या डायव्हिंगवाल्यांच्या झोपडीत हजर. हवेच्या टाक्या ओळीने उभ्या, रबरी सूट वाळत घातलेले. शिकवणाऱ्या मास्तरांनी अर्ज भरून घेतला. सर्दी नाही, दमा नाही, कान ठणठणीत. तिचा एक पाय सुटात गेलाही.

"विमान कधी आहे?" मास्तरांनी शेवटचं विचारलं. "खोल पाण्यात अंगात वायू मुरतो. लगेच विमानात चढलं तर त्याचे बुडबुडे होतात, जिवावर बेततं. मध्ये पूर्ण दिवस जायलाच हवा."

विमान उद्या सकाळी नऊला होतं.

बाबांनी लेकीकडे पाहिलं. तिकीट अर्धं पडावं म्हणूनसुद्धा तिचं वय कधी कमी न सांगितलेला हा माणूस. ते म्हणाले, "परवा."

पाणी चाळीस पावलांवर होतं. गप्प बसायचं, एवढंच काम, आणि नेमकं तेच चुळबुळीला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

"उद्या," ती म्हणाली. "सकाळी नऊला."

मग सुटातून पाय काढायला लागली. तो मेला निघता निघेना. शेवटी बाबांनीच खाली बसून ओढला.

मास्तरांनी दोन मास्क आणि श्वास घ्यायच्या दोन नळ्या पुढे केल्या. "वरून तरंगत बघा. त्याला कसली आडकाठी नाही."

बाबांना पोहता येत नव्हतं. जॅकेट घालून, तिचं मनगट घट्ट धरून ते पालथे तरंगत राहिले. खाली पिवळे मासे होते, आणि त्यांच्याही खाली दुसरीच कुणी मुलगी मास्तरांसोबत चालली होती. तिच्या श्वासाचे बुडबुडे चुळबुळीच्या पोटाला गुदगुल्या करत वर फुटत होते. मास्कमध्ये पाणी साचलं. ते समुद्राचं नव्हतं.

"चुकलंच माझं," किनाऱ्यावर बाबा म्हणाले.

"हो. पुढची सहल मी आखणार."

"आख बाई."

सकाळी नाश्त्याला बाबांनी अंडं फोडलं आणि आधी बलकच तोंडात टाकला. चुळबुळीने बघून न बघितल्यासारखं केलं. टेबलाखाली तिचा पाय मात्र हलतच होता.