टाकीतले तीन टक्के

उपग्रहाच्या टाकीत डोकावून बघता येत नाही. मग ती जरा तापवायची आणि किती लवकर तापते ते बघायचं. भांड्यात पाणी कमी असलं की लवकर उकळतं, तसंच. आज टाकी फारच लवकर तापली. इंधन उरलं होतं तीन टक्के. तेवढ्या इंधनात उपग्रह खाली आणून हवेत जाळून टाकता येतो, बाकी काही नाही. सरकारी परवान्याची अटही तीच होती: तीन टक्क्यांवर आलात की सेवा बंद करा, उपग्रह उतरवा.

दादाने मात्र तपासणीच्या फॉर्मवर नऊ टक्के ठोकून दिले होते, जणू टाकी त्याच्या म्हणण्यावर भरते. कंपनी त्याची आणि उपग्रह एकुलता एक; तो उतरला की धंदा बंद. सही हवी होती धाकट्या बहिणीची, कारण परवान्यावर जबाबदार अभियंता म्हणून नाव तिचं होतं. तपासणीला आलेला सरकारी निरीक्षक समोर पेनाचं टोपण चावत बसला होता.

"कर सही," दादा म्हणाला. "एवढं मोठं आकाश, एक डबा वर राहिला तर कुणाचं काय बिघडतंय?"

"वर दुसऱ्यांचेही उपग्रह आहेत. इंधन संपल्यावर याला वळवणार कोण, तू?" तिने नऊवर काट मारली, तीन लिहिलं आणि सही केली.

दादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुला मी शिकवलं, इथे आणून बसवलं, आणि तूच उलटलीस? चालती हो!"

तिला रडू फुटत होतं, ते तिने गिळलं. आजवर दादाच्या शब्दाबाहेर ती कधी गेली नव्हती. आज स्वतःच्या त्या मुकाटपणाचाच तिला संताप आला.

निरीक्षकाने घसा खाकरला. "यांना असं काढता येणार नाही, साहेब. उपग्रह वर आहे तोवर परवान्यावरचा माणूस बदलायला आमची मंजुरी लागते. ती मी देणार नाही."

दादाने लगेच सूर बदलला. "ऐकलंस ना? उतरवायच्या अटीविरुद्ध मी अपील करतो. वर्षभर घोंगडं भिजत राहील, तोवर तुझ्या नोकरीला धक्का नाही. उपग्रह खाली आला, की आधी तू घरी जाशील."

तिने खुर्ची पुढे ओढली, उतरायची आज्ञा टाइप केली, दोनदा वाचली.

"संध्याकाळपर्यंत जळून जाईल, दादा. मग मला खुशाल काढ," ती म्हणाली, आणि तिने कळ दाबली.