पडदा उघडून घेतलेली सभा

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि लगेच ठेवलात तर मलाच वाईट वाटेल. पण आमचं नाट्यगृह वाचलं ते माझ्या या उजव्या मनगटामुळे.

मी तिथे पडदा ओढायचो. मखमली पडदा, इतका जड की पडला की त्याच्या वाऱ्याने पहिल्या रांगेतले चष्मे पाचव्या रांगेत सापडायचे. आमची ही कपडेपट सांभाळायची. आत्ता नातीच्या फ्रॉकला दुमड घालतेय ना, तशीच, तोंडात टाचण्या धरून गप्प.

मग गावातला कारखाना बंद पडला, माणसं पोटामागे पांगली, खुर्च्या ओस पडल्या. कारभार सात जणांच्या मंडळाकडे होता. सगळे भले, पण निर्णय म्हटला की घाम फुटायचा. प्रत्येक विषय पुढच्या सभेला. अकरा वर्षांत एकच ठराव झाला, पंखा जरा हळू करण्याचा. आणि नियम असा, की आपलं स्वतःचं मत कोणी उघड बोलायचं नाही. बोलायचं ते मंडळाचं.

फर्निचरवाल्याने गोदामासाठी जागा मागितली, तेव्हा मात्र यांना एकदम घाई सुटली. शेवटच्या प्रयोगाआधी सह्या उरकायच्या ठरल्या. कार्यालय गळत होतं, म्हणून सातही जण पडद्यामागे, नाटकातल्याच सोफ्यांवर दाटीवाटीने बसले. पडद्यापुढे, शेवटचा प्रयोग म्हणून, प्रेक्षक येऊन बसलेले. माझी नोकरी जाणार होती, पण नोकरीचं काय मोठंसं. मी दोराशी उभा होतो, त्याच विंगेत ही मला पहिल्यांदा 'अहो' म्हणाली होती.

अध्यक्ष, म्हणजे आमचे निवृत्त हेडमास्तर, कागद घेऊन उभे राहिले. "नाट्यगृह बंद करण्यास हे मंडळ..."

मी दोर खेचला.

समोर दोनशे माणसं. त्यांना वाटलं, नाटकच सुरू झालं. टाळ्या पडल्या. बाल्कनीतून कोणीतरी म्हणालं, मास्तर, आवाज येत नाही. मास्तरांनी जन्मभर हेच वाक्य पोरांना ऐकवलेलं. बिचाऱ्यांनी ठराव पुन्हा खणखणीत वाचला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून सुईणबाई उठल्या. निम्मं गाव त्यांच्या हातून जन्मलेलं, मंडळातले चौघे धरून.

"हे मंडळाचं झालं. तुझं काय म्हणणं आहे रे?"

मास्तरांनी कागदाची घडी घातली. "माझं? बंद करू नये."

मग एकेकाला बोलणं भाग पडलं. मंडळातला औषधवाला म्हणाला, मलाही नको होतं, पण बाकीच्यांना हवंय असं वाटलं. सातही जणांना तसंच वाटलेलं! अकरा वर्षं एका टेबलाभोवती बसून एकमेकांचं मन कळलं नव्हतं.

तिथल्या तिथे ठरलं: गोदामाला नकार. तिकीटखिडकीवर औषधवाला, बॅटरी घेऊन खुर्च्या दाखवायला खुद्द हेडमास्तर. यापुढे प्रत्येक सभा पडदा उघडून. ज्याला चारचौघांत बोलायची भीती, त्याने खुर्ची सोडावी. कोणी सोडली नाही. पुढे नाटकापेक्षा सभेलाच गर्दी व्हायची. एकदा तर लोकांनी वन्स मोअर दिला आणि पंख्याचा ठराव पुन्हा मांडावा लागला.

अजून डोळे मिटले की त्या मखमलीचा धुळकट वास येतो. आणि दोराचा वळ, हा बघा, मनगटावर अजून...

हिने तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"तो वळ इस्त्रीचा आहे. दोर मी ओढला होता. तुम्ही माझा हात धरून म्हणत होतात, पुढच्या सभेला बघू."