पितळी फ्लोट

पद्माकरने यंत्राखाली कोरा पुठ्ठा सरकवला, पेट्रोलचा कॉक उघडला आणि उकिडवा बसून वाट पाहू लागला. अर्ध्या मिनिटात पहिला थेंब पडला. मग दुसरा. बघता बघता पुठ्ठ्यावर बशीएवढा ओला डाग पसरला आणि वास शेडभर झाला.

"गॅस्केट मी कालच नवीन टाकलंय," फ्राउ लेख्नर मागून म्हणाली. "सुईसुद्धा. तरी गळतंय. नवा कार्बुरेटर गुरुवारी येईल आणि बर्फ उद्या पहाटेपासून पडणार म्हणतात. बघा, तुम्हाला काही जमतंय का."

जर्मनीतल्या उंटरश्लाइसहाइम गावाच्या टोकाला असलेलं हे वर्कशॉप फ्राउ लेख्नरचं. गवत कापायची, लाकूड चिरायची, बर्फ उडवायची यंत्रं तिच्याकडे दुरुस्तीला येत. हे बर्फ उडवायचं यंत्र जवळच्या वृद्धाश्रमाचं. एप्रिलमध्ये कुणीतरी भरल्या टाकीनिशी कोठीत ढकललेलं, आता नोव्हेंबरात काढायला गेले तर खाली पेट्रोलचं थारोळं.

आणि पद्माकर इथे होता एका दिवसाच्या ट्रायलवर. प्रोबआर्बाइट म्हणतात त्याला. दिवसभर काम करून दाखवायचं; पसंत पडलं तर ठेवून घेतील, नाहीतर हसून हात मिळवतील आणि रामराम. ही चौथी. तीन ठिकाणी हात मिळवून झाले होते. कराडला बारा वर्षं स्वतःचं गॅरेज चालवलेला हा माणूस. बायकोला, ईप्सिताला, इथल्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली तेव्हा गॅरेज विकून हौसेने तिच्याबरोबर आला. आणि दीड वर्षात काय मिळवलं, तर पोळ्या गोल यायला लागल्या! ईप्सिता एका शब्दाने कधी बोलली नाही. तेच त्याला जास्त लागायचं. शेवटी परवा त्यानेच तोंड उघडलं.

"हीसुद्धा गेली ना, तर मी कराडला परत जातो. तू राहा इथे. रिकाम्या हातांनी मला नाही जगता येत."

ती उठून आत गेली होती आणि बराच वेळ न्हाणीघराचा नळ वाहत राहिला होता.

त्याने ऑइलची पट्टी ओढून नाकाशी धरली. ऑइलला पेट्रोलचा वास होता आणि पातळी खुणेच्या वर गेली होती. म्हणजे पेट्रोल नुसतं बाहेर सांडत नव्हतं, आत इंजिनातही उतरत होतं.

"चालू नाही करायचं," तो त्याच्या तुटक जर्मनमध्ये म्हणाला. "आधी ऑइल बदलायचं."

"गेनाऊ," ती म्हणाली. तिच्या भुवया किंचित वर गेल्या. अगदी बरोबर, असं तिने म्हटल्यावर पद्माकरला हुरूप आला.

तो हुरूपच नडला. कॉक बंद करून त्याने कार्बुरेटर उतरवला, पेट्रोलच्या बारीक भोकाचा जेट काढला, उजेडाकडे धरला आणि बारा वर्षांच्या सवयीने सरळ ओठांत धरून जोरात फुंकला.

"हाल्ट!"

हातातला पाना पडला.

"तोंडात? पेट्रोल तोंडात?" फ्राउ लेख्नरचा चेहरा लालबुंद झाला होता. "विष आहे ते! ती हवेची नळी मी भिंतीवर कशाला टांगलीय, शोभेला? तुम्हाला काही झालं तर जबाबदार कोण? मी! जा, आधी तोंड धुवा!"

आणि ती तरातरा ऑफिसात गेली. दार आपटल्याचा आवाज आला.

पद्माकरने पाच वेळा चूळ भरली. गेली. चौथीही गेली. कराडला पोरं त्याच्याकडून हेच बघून शिकायची आणि त्याला त्यात कधी वावगं वाटलं नव्हतं. बाई म्हणाली ते खोटं नव्हतं, म्हणून तर जास्तच चीड आली. आरशातल्या त्या शहाण्याच्या कानाखाली वाजवावी असं त्याला वाटलं. त्याने खुंटीवरचं जॅकेट काढलं. एक बाही चढवली.

बाकावर कार्बुरेटर उघडा पडला होता.

इतक्या वर्षांत एकही गाडी त्याने अर्धवट खोलून परत धाडली नव्हती. नोकरी गेली खड्ड्यात, पण गळतंय कुठून ते तरी कळू दे! त्याने बाही परत उतरवली आणि मुकाट्याने हातमोजे घातले.

गंमत बघा, आता कुणाला काही दाखवायचं नव्हतं, तर हात कसे सुटले! सुई पाहिली, नवी कोरी. सुईची बैठक पाहिली, स्वच्छ. उरला फ्लोट. यंत्र जुनं, म्हणून फ्लोटही पितळी, बंद डबीसारखा. पेट्रोलवर तरंगत वर यायचं आणि सुई दाबून वाट बंद करायची, एवढंच त्याचं काम. पद्माकरने तो कानाशी धरून हलवला.

आत पेट्रोल डुचमळलं.

"हात्तिच्या!" तो मराठीत मोठ्याने म्हणाला. "तू बुडालायस होय!"

बुडालेला फ्लोट वर येणार कसा आणि सुई दाबणार कशी? हजार गॅस्केटं बदलली असती तरी गळतच राहिलं असतं. त्याने सगळं सामान दाराबाहेर मोकळ्या हवेत नेलं, गरम पाण्यात फ्लोट बुडवला आणि सांध्याजवळून बारीक बुडबुड्यांची माळ सुटली. तिथे भोक होतं, डोळ्यांना दिसूही नये एवढं. पुन्हा पुन्हा बुडवून त्याने आतलं पेट्रोल पार काढून टाकलं, भिंतीवरच्या नळीने हवा मारली आणि भोकावर सोल्डरचा मोहरीएवढा ठिपका दिला. मग ऑइल बदललं, सगळं जोडलं, नवा पुठ्ठा सरकवला, कॉक उघडला.

मागे वळला तर फ्राउ लेख्नर हाताची घडी घालून दारात उभी. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. दोघं पुठ्ठ्याकडे बघत राहिले. दहा मिनिटं. वीस. अर्ध्या तासानंतर तिने वाकून पुठ्ठ्यावर तळहात फिरवला. कोरडा ठणठणीत!

चार वाजता वृद्धाश्रमाची देखभाल बघणारा हाउसमाइस्टर आला. पद्माकरने दोरी ओढली आणि दुसऱ्याच झटक्याला यंत्र धडधडायला लागलं.

"नवा कार्बुरेटर मिळाला वाटतं?" हाउसमाइस्टरने ओरडून विचारलं.

"छे! जुनाच आहे," फ्राउ लेख्नर त्याच्याहून मोठ्याने ओरडली. "यांनी केला."

पद्माकरचा ऊर भरून आला. काही झालं तरी आजचा दिवस त्याचा होता, तो कुणी परत घेऊ शकत नव्हतं.

गिऱ्हाईक गेल्यावर तिने त्याच्यापुढे एक छापील कागद ठेवला. चेहरा सकाळसारखाच कडक.

"सकाळच्या प्रकाराबद्दल. नीट वाचा, मग सही करा."

बोट फिरवत तो एकेक ओळ वाचू लागला. इंधन तोंडाने ओढू अथवा फुंकू नये. हातमोजे वापरावेत. पंखा चालू ठेवावा. असे बारा नियम. सगळ्यात खाली, वरील सूचना कर्मचाऱ्याला समजावून सांगितल्या आहेत. कर्मचाऱ्याचं नाव. त्यापुढे निळ्या शाईत तिच्या अक्षरात त्याचं नाव लिहिलेलं होतं.

त्याने ती ओळ पुन्हा वाचली. मग मान वर केली.

"कर्मचारी?"

"पाहुण्यांकडून मी सही घेत नाही," फ्राउ लेख्नर म्हणाली आणि पेन पुढे केलं.

बसस्टॉपवर पोचेपर्यंतही त्याला धीर धरवला नाही. रस्त्यातच थांबून त्याने फोन लावला.

"काय झालं रे?" ईप्सिताने हळूच विचारलं. मागे तिच्या ऑफिसातली कुजबुज ऐकू येत होती.

"बाई जाम ओरडली माझ्यावर."

"असू दे," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "तू घरी ये. आपण बघू काय ते."

"उद्या डबा लवकर लागेल मला. साडेसातला हजर व्हायचंय. अजून बरंच ओरडायचं बाकी आहे म्हणे तिचं. रोज थोडं थोडं ओरडणार आहे."

त्यावर ईप्सिता भर ऑफिसात अशी किंचाळली, की पद्माकरला फोन कानापासून हातभर लांब धरावा लागला.