कापलेलं हसू

क्लेम गार्थवेटनं सदतीस उन्हाळे इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या स्कारथॉर्प गावी, पॅव्हिलियन थिएटरात लोकांना हसवलं. अडतिसावा उन्हाळा यायच्या आधी त्याला ‘आता नको’ म्हणून सांगायचं काम ब्रायनीच्या वाट्याला आलं.

पॅव्हिलियन चालवणाऱ्या धर्मादाय संस्थेची ती व्यवस्थापक. तिची आई याच थिएटरच्या खिडकीवर तिकिटं विकायची, आणि लहानगी ब्रायनी पडद्यामागे मोडक्या खुर्चीत बसून क्लेमचा कार्यक्रम पाहायची. आता इमारतीचं छत गळत होतं. अनुदान देणाऱ्या मंडळानं अर्ज एकदा परत पाठवला होता. उन्हाळी विनोदी कार्यक्रम हे मनोरंजन आहे, त्याला कला म्हणता येत नाही, आणि संस्थेचा कलाविषयक हेतू स्पष्ट होत नाही, असं त्यात लिहिलेलं होतं. ब्रायनीनं अर्ज नव्यानं लिहिला. क्लेमचं नाव त्यात नव्हतं.

ती त्याच्या घरी गेली तेव्हा त्यानं चहा केला, बिस्किटं बशीत मांडली आणि सगळं निमूटपणे ऐकून घेतलं. चिडेल, निदान टोमणा तरी मारेल, असं तिला वाटलं होतं.

“मग पोरी, इतकी वर्षं मी तिथं काय करत होतो?” त्यानं विचारलं.

“क्लेमकाका, तसं नाही. त्यांचे शब्द आहेत ते. माझे नाहीत.”

“लिहिलेस तर तूच ना?”

काहीतरी बरं बोलून निघावं म्हणून तिनं ऑटिलीचा विषय काढला. ऑटिली लंडनहून आलेली. ध्वनीमधून कलाकृती घडवायची, आणि मंडळाला तिचं काम फार आवडायचं. गावाच्या सरलेल्या उन्हाळ्यांवर ती काही करणार होती, आणि तिला जुनी ध्वनिमुद्रणं हवी होती. क्लेमचा चेहरा उजळला. दुसऱ्याच दिवशी तो कॅसेटींचं खोकं घेऊन थिएटरात हजर झाला. एकेक कॅसेट पुसून तिच्यावर साल लिहिलेलं होतं. ऑटिलीनं पुढे केलेल्या कागदावर त्यानं न वाचताच सही केली.

अनुदान मंजूर झालं. मे महिन्यात एका दुपारी थिएटरातच ऑटिलीचं प्रदर्शन उघडलं. क्लेम रंगमंचावरचा निळा सूट आणि बो टाय घालून आला होता, सोबत त्याची बहीण ऑलिव्ह. आतल्या खुर्च्या काढून टाकल्या होत्या. काळोख्या दालनात एकच दिवा, आणि चारी बाजूंनी क्लेमचा तरुण आवाज येत होता. तो एक विनोद सांगायचा आणि मग काही क्षण काहीच यायचं नाही. मग पुढचा विनोद, पुन्हा तसंच. ऑटिलीनं प्रेक्षकांचं हसणं तेवढं कापून काढलं होतं. संपलेल्या समूहाची पोकळी ऐकावी, असं भिंतीवरच्या पाटीवर लिहिलं होतं. माणसं हात बांधून, मान खाली घालून ऐकत होती.

ब्रायनीला हे दोन आठवड्यांपासून ठाऊक होतं. तिनं त्याला सांगितलं नव्हतं.

क्लेम बराच वेळ ऐकत उभा राहिला. मग तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “हे ऐकून कुणालाही वाटेल, की माझा विनोद पडला. दर खेपेला पडला.”

ती काही बोलायच्या आत तो दिव्याखाली जाऊन उभा राहिला. कुणी बोलावलं नव्हतं. त्यानं बो टाय सरळ केला.

“आमच्या घरमालकीणबाई म्हणाल्या, खोलीतून समुद्र दिसतो. दोन दिवस मी खिडकीत उभा. चिखलच चिखल. तिसऱ्या दिवशी विचारलं, बाई, समुद्र कुठंय? म्हणाल्या, ओहोटी आहे. पुढच्या वर्षी या.”

तो थांबला. कुठं किती थांबायचं हे त्याला झोपेतही कळलं असतं. पण समोरच्यांना वाटलं, हाही कलाकृतीचाच भाग. एका बाईनं गंभीरपणे मान डोलावली. ब्रायनीनं हा विनोद आठव्या वर्षी ऐकला होता आणि खुर्चीवरून खाली पडेपर्यंत हसली होती. आत्ताही हसू तिच्या घशाशी आलं. शेजारी मंडळाच्या परीक्षकबाई उभ्या होत्या, हातात वही. ब्रायनीनं ओठ घट्ट मिटले. क्लेम तिच्याचकडे पाहत होता.

मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि सगळ्यांनी वाजवल्या. हळू, आदरानं. क्लेमनं मान लववली आणि ऑलिव्हचा हात धरून तो बाहेर पडला. परीक्षकबाई ब्रायनीला म्हणाल्या की शेवटचा प्रसंग विलक्षण होता, आधी ठरवला होता का? ब्रायनी “हो” म्हणाली.

आठवड्याभरानं क्लेमनं कॅसेटी परत मागितल्या. सही केलेल्या कागदाप्रमाणे त्या दोन वर्षं देता येत नव्हत्या. प्रदर्शन आता आणखी चार शहरांत जाणार होतं. हे तिनं त्याला पत्रानं कळवलं. फोन करायचा धीर झाला नाही. उत्तर आलं नाही.

तो फेब्रुवारीत गेला, झोपेतच. शेवटच्या महिन्यांत कसा होता, असं ब्रायनीनं अंत्यविधीच्या दिवशी चर्चच्या दाराशी ऑलिव्हला विचारलं.

“चांगला होता,” ऑलिव्ह म्हणाली. “बोलायचा, जेवायचा. फक्त गंमत करायचं सोडून दिलं त्यानं. पोस्टमन एखादी गंमत ऐकायला मुद्दाम थांबायचा दारात. तर हा पत्रं घेऊन थँक्यू म्हणायचा आणि दार लावायचा.”

ब्रायनीनं माफी मागायला सुरुवात केली.

“ते राहू दे,” ऑलिव्ह म्हणाली. “तू मागे बस. पुढच्या रांगा त्याच्या माणसांना ठेवल्यात.”

चर्च भरलं होतं. पॅव्हिलियनचे जुने प्रेक्षक, काठ्या टेकत आलेले. ब्रायनी शेवटच्या बाकावर खांबाआड बसली. मध्येच पुढे कुणीतरी उठून क्लेमच्या आठवणी सांगू लागलं. काय सांगतात ते तिथवर ऐकू येत नव्हतं. थोड्या वेळानं सगळे हसले. ती एकटीच हसत नाहीये हे कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून ती प्रार्थनेचं पुस्तक चाळत राहिली.