तिसऱ्या गिअरचा आवाज

"ह्योच," अजिनाथ म्हणाला. "ह्योच माझ्या जीपचा डबा."

अक्कलकोट रोडवरच्या भंगाराच्या अड्ड्यात तो उकिडवा बसला होता. पुढ्यात जुन्या गाड्यांचे गिअरबॉक्स एकावर एक रचलेले होते. त्यांतला सगळ्यात खालचा त्यानं आणि तिप्पण्णा मिस्त्रीनं पहार लावून बाहेर ओढला होता.

"अण्णा, असले डबे ढिगानं पडल्यात हितं," तिप्पण्णा म्हणाला. "तुमचाच कशावरनं?"

अजिनाथनं डब्याच्या बुडाची माती अंगठ्यानं खरवडली. काळ्या लोखंडावर पितळेच्या जोडाची बोटभर पिवळी रेघ उघडी पडली. एका पावसाळ्यात बोरी नदीतून जीप काढताना दगड लागून हा डबा तडकला होता आणि अक्कलकोटच्या एका वेल्डरनं पितळ वितळवून तो जोडला होता. अजिनाथ तेव्हा शेजारीच उभा होता.

"व्हय की ओ," तिप्पण्णा वाकून म्हणाला. त्यानं डब्यावर तळवा ठेवला आणि लगेच काढून घेतला. "येन री इदु? काय ओ ह्ये? एवढ्या उन्हात गार कसा?"

"ढिगाखाली हुता न्हवं. ऊन कुटलं लागतंय त्येला."

"तसंच आसंल," तिप्पण्णा म्हणाला. पण डबा उचलताना त्यानं हाताला फडकं गुंडाळून घेतलं.

अजिनाथ वाघमोडे मूळचा माळशिरसचा. नोकरीनं त्याला जिल्ह्याच्या या टोकाला आणलं आणि अक्कलकोट भागातल्या एका ग्रामीण रुग्णालयाची जीप त्यानं उभी हयात चालवली. अडलेल्या बायका, विंचू चावलेले, विहिरीतून काढलेले, सगळे त्याच जीपमधून गेले. मागं समोरासमोर दोन बाकं आणि वर ताडपत्री, एवढाच तिचा थाट. पुढं रुग्णालयाला नवी गाडी आली. जीप कुंपणाकडेला बाभळीखाली उभी राहिली. अजिनाथ निवृत्त झाला त्याच सुमारास ती लिलावात निघाली आणि ती त्यानंच घेतली. तोवर तिचं इंजिन, गिअरबॉक्स, पुढचा अ‍ॅक्सल सगळं निघून कुठल्या कुठं गेलं होतं.

जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये गुडघे चोळत बसलेली त्याची बायको मायाक्का म्हणाली होती, "तिचं सांधं बदलाय निघालाय तुमी. माझं कवा बदलणार?"

तिप्पण्णानं जीप पुन्हा उभी केली. इंजिन एका गाडीचं, अ‍ॅक्सल दुसऱ्या, गिअरबॉक्स तिसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा. जीप लोण्यासारखी चालायला लागली. अजिनाथला मात्र चैन पडेना. त्याची जीप तिसऱ्या गिअरला रडायची. वेग घेताना डब्यातून एक बारीक सूर निघायचा, वर वर चढत जायचा आणि चौथा गिअर पडला की तुटायचा. गावोगावची माणसं त्या सुरावरून जीप लांबून ओळखायची, पेशंटला बाजेसकट उचलून रस्त्याला येऊन थांबायची. तो सूर नाही तर ही जीप परक्याची, असं त्याला वाटायचं. म्हणून भंगारवाल्यांना विचारत विचारत तो इतके महिने हिंडला होता.

"दातं झिजल्यात," डबा उघडून तिप्पण्णा म्हणाला. "आतली चाकं बदलतो. आवाज बंद हुईल."

"आवाजासाठीच तर आणलाय. हाय तसा बसव."

डबा बसला त्या दिवशी सकाळी तिप्पण्णाच्या शेडमध्ये जीप सुरू करून बघितली. चाकं जमिनीवरून उचललेली होती. तिसरा गिअर टाकला आणि पत्र्याच्या शेडमध्ये तो सूर घुमला. अजिनाथच्या हातांवर काटा आला. हरखून त्यानं तिप्पण्णाच्या पाठीत थाप मारली.

दुपारी तो एकटाच निघाला. चौपदरी रस्ता सोडून आपल्या जुन्या वाटेला लागला. तुरी निघून गेलेली रानं दोन्ही बाजूंनी मोकळी पडली होती. चिटपाखरू नव्हतं. हिरेवाडीच्या फाट्याजवळ त्याला लांबून एक खुंट दिसला. जवळ जाईस्तोवर त्या खुंटाची म्हातारी झाली. डोक्यावर पदर, खांद्याशी मूल धरावं तशी धरलेली वाकळ. तिनं हात केला नव्हता. तरी अजिनाथचा पाय ब्रेकवर गेला.

म्हातारी मागच्या बाजूनं चढली. डाव्या बाकावर तिनं वाकळ अंथरली आणि स्वतः खाली फळीवर बसली.

"चला," ती म्हणाली.

"कुटं जायाचं, आजी?"

"सिव्हिलला. सावकास चालवा, डायवरदादा. ताप मेंदूत गेलाय त्येच्या."

अजिनाथनं आरशात बघितलं. बाकावरची वाकळ रिकामी होती. म्हातारीचा हात वाकळीवर टेकलेला नव्हता. वाकळीच्या वीतभर वर, हवेतच, कुणाच्या कपाळावरून फिरवावा तसा तो फिरत होता. फिरता फिरता थांबायचा, जरा वेळ तिथंच राहायचा आणि पुन्हा फिरायचा.

त्यानं जीप पुढं घेतली, कारण थांबून मागं वळायची त्याची हिंमत झाली नाही. सूर चढत गेला. त्याबरोबर त्याला आठवलं. ही रंभाबाई. हिरेवाडीची. आणि तिचा थोरला पोरगा, नाव गुंडा.

मागून हॉर्न वाजवत मोटरसायकल आली आणि आडवी झाली. तिशीचा एक माणूस धापा टाकत उतरला. तो रंभाबाईचा धाकटा मुलगा, अभिमन्यू.

"आई!" त्यानं मागं डोकावून बघितलं. मग अजिनाथकडं वळला. "मामा, हिला कुणी आणलं हितं?"

"फाट्यावर उभ्या हुत्या. आपल्या आपण चढल्या."

"चढली?" अभिमन्यूचं तोंड पांढरं पडलं. "दोन वर्सं झाली, आई अंथरुणावरनं उठली न्हाय ओ. कूस बदलायची तर दोन माणसं लागत्यात. सकाळी न्याहारीच्या वक्ताला अचानक म्हणाली, गाडी आली. मी भाईर जाऊन बघितलं, तर रस्ता मोकळा. मग मी रानात गेलो आन् मागनं ही उठून गेली."

न्याहारीच्या वेळी जीप तिप्पण्णाच्या शेडमध्ये होती. मध्ये दहा-बारा कोसांचं अंतर.

अभिमन्यूनं आईला उचलून खाली घेतलं. तिच्या पायांत आता जोरच नव्हता. मोकळ्या पिशवीसारखे ते लोंबत होते. "फुडं चला," ती म्हणत राहिली. "मागं नगा वळू. फुडं चला."

हेच शब्द. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या अशाच एका दुपारी गुंडाला मेंदूज्वर झाला म्हणून रुग्णालयातून सोलापूरला नेत होते. मागं रंभाबाई पोराला घेऊन आणि कंपाउंडर. वळसंगच्या अलीकडच्या दगडी पुलापाशी कंपाउंडरनं नाडी बघितली, डोळे बघितले आणि अजिनाथच्या खांद्यावर हात ठेवला. 'वळीव. काय उपेग न्हाय.' अशा वेळी गाडी वळवायची असते, तशी ती वळवली. रंभाबाई मात्र मानायला तयार नव्हती. सिव्हिलच्या डॉक्टरला एकदा दाखवा म्हणून ती हिरेवाडीपर्यंत अजिनाथच्या सीटच्या पाठीवर मुठी आपटत होती. त्यानंतर ती कामाला लागली, अभिमन्यूला वाढवलं, सून आणली. त्या दिवसाचं नाव तिनं कधी काढलं नाही.

"मामा, पाया पडतो," अभिमन्यू म्हणाला. "ही गाडी ह्या वाटंला आणू नगा."

"न्हाय आणणार," अजिनाथ म्हणाला.

त्यानं जीप घरासमोर लिंबाखाली लावली आणि किल्ली मायाक्काजवळ दिली. तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "जेवून घ्या."

पण दोन-चार दिवसांत अभिमन्यूचा फोन आला. आई रोज फाट्यावर जातेय. दाराला कडी लावली तर आतून दार धडकवते, इतका जोर कुठून येतो कळत नाही. अन्न सोडलंय. परतताना मात्र उचलूनच आणावी लागते. "गाडी का थांबली म्हणून इचारती," तो म्हणाला.

अजिनाथ तडक तिप्पण्णाकडं निघाला. "डबा काढून टाकाय सांगतो. पुन्यांदा भंगारात जाऊ दे."

मायाक्का दारात आडवी आली. "डबा काढला म्हंजी तिच्या कानातनं आवाज जाणार हाय व्हय?"

"मग काय करू?"

"तिला सोलापूरला जायाचंय की नाय? मग न्या की. मी येते संगं. बाईमाणूस असू दे कुणीतरी."

दुसऱ्या दिवशी ते हिरेवाडीच्या फाट्यावर पोचले, तेव्हा रंभाबाई उभीच होती आणि अभिमन्यू तिच्या मागं, हात बांधून. ती चढली. वाकळ अंथरली. अभिमन्यू समोरच्या बाकावर अंग चोरून बसला. मायाक्का पुढं अजिनाथशेजारी.

वळसंग जवळ आलं तशी अजिनाथच्या पाठीवर रंभाबाईची थाप पडली.

"ह्या रस्त्यानं न्हवं."

नवा चौपदरी रस्ता जुन्या पुलाला वळसा घालून गेला होता. जुना तुकडा खाली तसाच पडून होता. डांबर उखडलेलं, वर वेड्या बाभळी, मध्ये ओढ्यानं खाल्लेली घळ. अजिनाथनं मायाक्काकडं बघितलं. तिनं मान हलवली. त्यानं जीप रस्त्याखाली उतरवली, चारी चाकांना जोर देणारा दांडा ओढला आणि हळूहळू पुढं घेतली.

बाभळीचे काटे ताडपत्रीवर खरखरत गेले. पुलाचे दोन दगडी कठडे दिसले. इथपर्यंत जीप बरी चालत होती. कठड्यांच्या मध्ये आली आणि तिचा मागचा भाग खाली बसला. स्प्रिंगचे पाटे करकरले. मागं बसलेली माणसं तीच, पण चढणीला ओझं भरलेली गाडी जशी मागं ओढते तशी ती ओढायला लागली. स्टिअरिंग उजवीकडं जात होतं. गाडी वळायला बघत होती. अजिनाथनं दोन्ही हातांनी ते दाबून धरलं. त्याच्या मनगटांच्या शिरा तटतटल्या.

मायाक्का रंभाबाईला पाणी विचारायला म्हणून मागं वळली.

आणि तशीच समोर फिरली. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, डॅशबोर्डची कडी धरली आणि समोरच्या काचेकडं बघत म्हणाली, "थांबू नगा. आजाबात थांबू नगा."

अजिनाथनं पाय दाबला. चाकं फिरली, दगड उडाले आणि जीप पुलावरून पुढं सुटली. घळीतून वर चढली, नव्या रस्त्याला लागली. त्यानं एकेक गिअर चढवत नेला. तिसऱ्याला सूर निघाला. इतका मोठा की बाजूनं जाणाऱ्या ट्रकवाल्यानं वळून बघितलं. मग चौथा पडला आणि सूर तुटला. त्यानंतर सोलापूर येईपर्यंत मायाक्कानं मागं बघितलं नाही. तिनं काय पाहिलं हे अजिनाथनं पुढं एकदा विचारलं. "काय न्हाय," ती म्हणाली, "तुमी जेवा." अभिमन्यू तर वाटभर डोळे मिटून बसला होता.

सिव्हिलच्या दारात नेहमीची गर्दी होती. जीप थांबताच वॉचमन धावत आला. त्याला वाटलं, खेड्यावरून कुणीतरी गंभीर आलं.

"पेशंट कुटंय? स्ट्रेचर आणू का?"

रंभाबाई आधी उतरली. जमिनीवर पाय रोवून उभी राहिली आणि दोन्ही हात जीपच्या आत पुढं केले. काहीतरी जड हातात यावं तसे तिचे खांदे झुकले. वॉचमन बघत राहिला, मग त्याला काय वाटलं कोण जाणे, दोन पावलं मागं सरला आणि वाट मोकळी केली.

ती चालत गेली. अभिमन्यू बाजूला हात पसरून चालला होता, पण तिला आधार लागला नाही. आतून कुणीतरी काचेचं दार उघडलं. एक नर्स बाहेर आली, घाईत पुढं निघून गेली. रंभाबाई उंबऱ्याशी वाकली. तिचे हात रिकामे झाले. दार आपोआप मिटत आलं, मिटलं. त्या काचेकडं ती बराच वेळ बघत उभी होती.

"पोचला," ती म्हणाली.

मग तिचे गुडघे वाकले. अभिमन्यूनं तिला सावरून पायरीवर बसवलं. मायाक्का आपले दुखरे गुडघे धरत तिच्याजवळ जाऊन बसली, बाटली उघडून दिली. रंभाबाई घटाघटा पाणी प्यायली. कुणाच्या तरी पोराला रडू आवरेना, चहावाला ओरडत होता, रिक्षा येत होत्या. ती आजूबाजूला बघायला लागली, जणू हे सगळं आत्ताच सुरू झालंय. बघता बघता तिची नजर जीपला टेकून उभ्या असलेल्या अजिनाथवर आली. त्याचे पांढरे केस, सुटलेलं पोट, डोळ्यांवरचा चष्मा, सगळं तिनं नीट निरखलं.

"लई म्हातारं झालासा की ओ, डायवरदादा," ती म्हणाली.

"व्हय, रंभाबाई," अजिनाथ म्हणाला. "झालो खरा."

तिनं मान हलवली. मग सावकाश स्वतःचे सुरकुतलेले दोन्ही हात पुढं, उन्हात धरले आणि उलटसुलट करून बघत राहिली.