वीस मिनिटं पुढे

प्रबंध तयार होता. एकशे चौऱ्याऐंशी पानं, सात वर्षं, दोनदा वाढवून घेतलेली मुदत. शेवटी फक्त दोन पानं जोडायची राहिली होती, आणि ती दोन पानं ग्रंथालयाच्या ऑनलाइन दाराआड अडकली होती.

मोबाईलवर तीन चाळीस झाले होते. पाचला परीक्षा विभागाचं पान बंद होणार, आणि ते बंद झालं की नोंदणीच रद्द. तिसऱ्यांदा मुदत नाही, हे पत्रात ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं.

आईच्या घरातल्या टेबलाशी बसून लेकीने तिसऱ्यांदा नाव टाकलं, पासवर्ड टाकला, मोबाईलवर दर अर्ध्या मिनिटाला बदलणारा सहा आकडी कोड बघून टाकला. लाल ओळ आली. दिलेली माहिती जुळत नाही. तिच्याखाली बारीक अक्षरांत, आणखी दोनदा चूक झाल्यास खातं चोवीस तास बंद राहील.

तिने हात कळफलकावरून उचलून मांडीवर ठेवले. जणू आता चुकून बोट लागलं तरी चूक मोजली जाईल.

परवाच तर उघडलं होतं! बायका काम करताना जी गाणी म्हणतात, त्यांवरचा तिचा प्रबंध. तिसरं प्रकरण एका गाण्यावर उभं. साठ वर्षांपूर्वी एका त्रैमासिकात कुणी उतरवून छापलेलं ते गाणं. परीक्षकांनी लिहिलं होतं, मूळ छापील पानांची प्रत जोडा, नाहीतर प्रकरण ग्राह्य धरता येणार नाही. परवा तिने ती पानं पडद्यावर डोळे भरून वाचली आणि उतरवून न घेताच मिटली. कुठे पळून जातायत, म्हणाली. आधी बाकीच्या दुरुस्त्या उरकू.

ग्रंथालय सहा तासांवर. ती आईच्या घरी आलेली, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून. आई पलीकडच्या खोलीत वॉकर धरून चालायचा सराव करत होती. टक, पाऊल, टक, पाऊल. खिडकीपर्यंत जायचं, वळायचं, दाराशी येऊन डोकवायचं.

"झालं का गं?"

"नाही, आई."

"बरं." टक, पाऊल, टक.

लेकीने ग्रंथालयाच्या मदत कक्षाला फोन लावला. तिकडे किल्लीदादा होता. खरं नाव हजेरीपटात असेल तेवढंच. पूर्वी दुर्मिळ पुस्तकांच्या कपाटांच्या किल्ल्या त्याच्या कमरेला खुळखुळत, दादा येतोय हे दोन दालनं आधी कळायचं. कपाटं पडद्यात गेली, किल्ल्या गेल्या, नाव राहिलं.

"बोला ताई. दार उघडत नाही ना? आज सकाळपासून तुम्ही अकराव्या."

"दादा, मला पाचच्या आत दोन पानं हवीत. नाहीतर माझं सगळं..."

"श्वास घ्या आधी. मी कुठे जात नाही. ग्रंथालयाच्या पानावरून आत जाताय, की बाहेरून शोधून?"

"ग्रंथालयाच्याच."

"ब्राउझरची खासगी खिडकी उघडून बघितलंत? जुन्या नोंदी पुसल्यात? कार्डाची मुदत?"

"सगळं केलं. कार्ड पुढच्या महिन्यापर्यंत आहे. दादा, तुम्हीच नाही का ती पानं पाठवू शकत?"

"पाठवली असती हो. पण तो संग्रह संशोधकाच्याच खात्यातून उघडतो, माझ्या नाही. मी दारावरचा माणूस, घरात मला प्रवेश नाही. आणि छापील अंक गेलाय बांधणीला."

लेक हसली नाही. दादालाही ते कळलं असावं, कारण पुढचं तो हळू बोलला. "पासवर्ड नवा करू. मी दुवा पाठवतो, त्यावरून बदला."

दुवा आला, पासवर्ड बदलला. लांबलचक, अवघड, कागदावर लिहून घेतलेला. प्रत्येक अक्षर तिने दोनदा वाचलं. माळेत मणी ओवावेत तसं एकेक अक्षर टाकलं. मग कोड. कळ दाबली.

लाल ओळ. आणखी एकदा चूक झाल्यास.

"दादा..."

"काय झालं?"

"चौथी चूक. आता एकच उरली."

"आता काही दाबू नका. अजिबात नाही. संगणक विभागाला विचारतो, ते खातं मोकळं करू शकतात का. फोन ठेवू नका."

तिने फोन टेबलावर उताणा ठेवला. लॅपटॉपच्या पडद्याखालची पट्टी तिने सकाळीच लपवून टाकली होती, तिथली वेळ सारखी दिसायला नको म्हणून. तरी नजर भिंतीवर गेलीच.

भिंतीवरच्या घड्याळाला या घरात कुणी खरं मानत नसे. ते वीस मिनिटं पुढे असायचं, स्वयंपाकघरातलं वीस मिनिटं पुढे, आईच्या मनगटावरचं वीस मिनिटं पुढे. आई एकोणीस वर्षांची असताना शिक्षिकेच्या परीक्षेला आठ मिनिटं उशिरा पोचली होती. फाटकावरच्या माणसाने फाटक उघडलं नाही. आत बाकं दिसत होती, तिचं बाक रिकामं दिसत होतं. मग तिने जन्मभर शिवणकाम केलं, आणि घरातल्या प्रत्येक घड्याळाला धाक घालून पुढे पळवलं. लहानपणापासून लेक भिंतीकडे बघायची आणि मनात वीस वजा करायची, श्वास घ्यावा तितक्या सहज.

आज मात्र वजा करायला काही नव्हतं. भिंत आणि मोबाईल एकच वेळ सांगत होते. सेल उतरत आले असतील, तिने सकाळी एकदा म्हटलं होतं आणि विसरून गेली होती.

टक, पाऊल, टक. आई दाराशी.

"लाव की परत एकदा. घाबरू नको. हिमतीने लाव."

"आई, हिमतीचं नाहीये गं हे! एकदाच लावता येणार आहे."

वॉकरवरची आईची बोटं पांढरी पडली होती. "त्या माणसाला सांग, माझी लेक सात वर्षं चालत आलीय म्हणावं. तिला दाराबाहेर ठेवू नका."

"त्याच्या हातात असतं तर त्याने केव्हाच..."

"त्याच्याही हातात नव्हतं," आई म्हणाली. कोणाबद्दल, ते तिने सांगितलं नाही. वळून ती पुन्हा खिडकीकडे निघाली.

फोनमधून दादा परत आला. "ताई, संगणक विभाग उद्याच बघेल म्हणतो. नवीन साहेब आहेत, त्यांच्या टेबलावर चहा निवतो, पण फाइल हलत नाही. आपणच शोधू. मला सांगा, परवापासून काय बदललं?"

"काहीच नाही."

"तोच लॅपटॉप, तोच मोबाईल, तेच घर?"

"तेच सगळं."

"काहीतरी बदललंच असणार. कुलूप आपणहून रुसत नाही. नीट आठवा. माझा कक्ष साडेचारला बंद होतो, पण मी बसतो तुमच्यासाठी, काळजी नको."

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बसलाच आहात की, दादा. साडेचार कधीच वाजून गेले. पावणेपाच झालेत."

"काय म्हणता?"

"पावणेपाच. पंधरा मिनिटं राहिली माझी."

"अहो ताई, माझ्यासमोर चार पंचवीस झालेत."

तिने मोबाईल उचलला. चार पंचेचाळीस. भिंतीकडे पाहिलं. चार पंचेचाळीस. मग लॅपटॉपवरची लपवलेली पट्टी वर ओढली. कोपऱ्यात, बारीक आकड्यांत, चार पंचवीस.

"मोबाईलचं घड्याळ पुढे आहे तुमचं!" दादा ओरडलाच. "तो कोड घड्याळ बघून तयार होतो. तुम्ही वीस मिनिटांनंतरचा कोड आता देताय. दार म्हणतंय, ही बाई कोण, हिला मी ओळखत नाही!"

"आई!"

टक टक थांबलं. आई दारात आली, आणि लेकीच्या हातातल्या मोबाईलकडे बघताक्षणी तिचा चेहरा उतरला.

"तू केलंस?"

"सकाळी तू आंघोळीला गेली होतीस." आईचा आवाज अगदी खाली गेला. "तुझं जन्मसाल टाकलं की उघडतो तो, मला काय ठाऊक नाही? म्हटलं, आजचा दिवस तरी हिचं घड्याळ पुढे असू दे. हिला उशीर नको व्हायला. मला काय माहीत गं, मीच दार लावून घेतेय ते."

लेकीने रागवावं तर रागाला जागाच मिळेना. फोनमधून दादा म्हणाला, "ताई, आईंना नंतर ओरडा. आधी मोबाईलची वेळ आपोआपवर ठेवा."

तिने मोबाईलच्या सेटिंगमधली ती खूण सरकवली. आकडे थरथरले आणि चार सत्तावीस झाले. भिंत एकटीच पुढे राहिली, नेहमीसारखी.

नवा कोड आला. तिने तो वापरला नाही, अर्धा संपलेला होता. पुढच्याची वाट पाहिली. आई वॉकर सोडून टेबलाला धरून उभी राहिली होती, गुडघा थरथरत होता, पण बस म्हणायचं कुणाला भान नव्हतं. सहा आकडे आले. आईने ते हळू वाचले, लेकीने टाकले. पासवर्डच्या कागदावर बोट ठेवून आणखी एकदा पाहिलं. कळ दाबायला हात पुढे गेला आणि अडला.

"दाब," आई म्हणाली.

पांढरं पान आलं. एक छोटं चक्र फिरलं, फिरतच राहिलं. मग पिवळसर कागदाची छाया, जुना ठसा, आणि मधोमध गाणं :

*उघड बाई दार, दारी उभी तुझी लेक*
*हातामध्ये पाटी, पाटीवर अक्षर एक*

"उघडलं?" दादाने विचारलं.

"उघडलं, दादा."

"मग जा. उंबऱ्यावर गप्पा नकोत." आणि त्याने फोन ठेवला.

दोन्ही पानं तिने उतरवून घेतली, एकदा लॅपटॉपवर, एकदा मोबाईलवर, विश्वास नव्हता म्हणून. प्रबंधाला जोडली. परीक्षा विभागाच्या पानावर प्रबंध चढू लागला. दहा टक्के. तीस. एकतीसला बराच वेळ थांबला. आईने डोळे मिटले. चार त्रेपन्नला पोच आली, क्रमांकासकट. लेकीने तो क्रमांक आईला दोनदा वाचून दाखवला, आणि मगच तिला खुर्ची ओढून दिली.

"बस आता. पाय बघ कसा सुजलाय."

आई बसली. पडद्याकडे बघत राहिली. लेक लॅपटॉप मिटायला गेली, तेव्हा आईने तिचा हात धरला.

"राहू दे ना जरा. पाचला काय होतं तिथे?"

"काही नाही. पान बंद होतं."

"मला बघायचंय."

सात मिनिटं दोघी बसून राहिल्या. भिंतीवरच्या घड्याळात पाच केव्हाच वाजून गेले होते, त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. लॅपटॉपच्या कोपऱ्यात पाच वाजले. पडद्यावरचं निळं बटण करडं झालं आणि त्याखाली ओळ उमटली, मुदत संपली आहे.

आईने ती ओळ ओठ हलवत वाचली. मग पदराने चष्मा पुसून आणखी एकदा वाचली.

"आपण आत आहोत ना गं?"

"आत आहोत, आई."